एकच गाव धरा, अख्खा किनारा नको

पत्र: ताई, आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीहून सासू-सासरे येताहेत. सासऱ्यांना चालायची हौस आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत आणि चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य. मुलगी बारा वर्षांची, मुलगा पाचचा. वेल्सच्या किनाऱ्यावर जायचं ठरलंय. नवऱ्याने पाच दिवसांचा बेत आखलाय: बॅरी, स्वॉन्झी, टेन्बी, स्कोमर बेटावरचे पफिन, ओकवुड थीम पार्क, अ‍ॅबरिस्टविथ आणि शेवटी लँडिड्नो. रोज नवं हॉटेल! सासूबाई फोनवर म्हणाल्या, "भाट्याचा समुद्र दाराशी असताना तिकडे थंडीत कसला समुद्र बघायचा?" मला दोघांचंही थोडं थोडं पटतं आणि दोघांचाही राग येतो. काय करू?
— एक सून

उत्तर: आधी यजमानांच्या यादीतल्या दोन गोष्टींवर काट मारा, अर्धा वाद तिथेच मिटेल. ओकवुड थीम पार्क मार्च २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. जुन्या याद्यांमधून ते अजून झळकत असतं आणि माणसं मुलांना कबूल करून बसतात. दुसरं म्हणजे स्कोमरचे पफिन. हे पक्षी एप्रिलच्या सुमारास बेटावर येतात, जमिनीतल्या बिळांत अंडी घालतात, पिल्लं वाढवतात आणि जुलै सरता सरता पुन्हा खोल समुद्रावर निघून जातात. तुम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जाणार, तेव्हा बिळं रिकामी असतील. वर होडीतून उतरल्या उतरल्या कड्याच्या ऐंशीहून जास्त पायऱ्या चढायच्या. दुखऱ्या गुडघ्यांनी ते सगळं करून रिकामी बिळं बघितल्यावर सासूबाई जे बोलतील, ते पुढची दहा वर्षं तुमच्या घरात ऐकू येईल.

आता राहिलेल्या बेताचं. वेल्स नकाशावर एवढंसं दिसतं, पण उत्तर आणि दक्षिण जोडणारा मोटरवे तिथे नाही. कार्डिफहून लँडिड्नोला जाणारा ए-४७० हा मुख्य रस्ता १८६ मैलांचा आहे आणि तो डोंगरांतून, गावांतून, ट्रॅक्टरमागून जातो. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. किनारी रस्त्यावर तर दर थोड्या वेळाने एक वस्ती लागते. किनाऱ्याने चालत जाणाऱ्यांसाठी २०१२ मध्ये एक सलग पायवाट खुली झाली, तिची लांबी ८७० मैल आहे. त्यावरून किनारा किती वळणावळणांचा असेल, हे यजमानांनीच ठरवावं. पाच दिवसांतले निदान दोन गाडीत जातील, रोज सकाळी सहा माणसांच्या बॅगा बांधायच्या आणि त्या बांधणार कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. सहा माणसं साध्या पाच आसनांच्या गाडीत मावत नाहीत, हा मुद्दा वेगळाच.

म्हणून माझं स्पष्ट मत: एकच गाव धरा, तिथे पाच दिवस राहा आणि ते गाव लँडिड्नो असू द्या.

टेन्बी जास्त देखणं आहे, हे मी नाकारत नाही. बंदराभोवतीची रंगीत घरं, जुना कोट, पिवळीधम्मक वाळू, समोर कॅल्डी बेटावर सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ. पण बर्मिंगहॅमहून तिथवर चार तास लागतात, शाळांच्या सुट्टीत त्याहून जास्त. गाव कड्यावर आहे, त्यामुळे प्रत्येक किनाऱ्याला उतार किंवा पायऱ्या आहेतच. उन्हाळ्यात दिवसा कोटाच्या आतल्या रस्त्यांवर गाड्यांना बंदी असते. तरुण जोडप्याला, वाळूत लोळणाऱ्या मुलांना ते गाव फार छान. यजमानांना टेन्बी आणि पफिन दोन्ही हवे असतील, तर मेअखेरच्या शाळेच्या सुट्टीत चौघंच जा. तेव्हा बेट पक्ष्यांनी भरलेलं असतं.

लँडिड्नोला तुम्ही अडीच-तीन तासांत पोचता. हे गाव व्हिक्टोरियन काळात मुद्दाम आखून वसवलेलं आहे, सुट्टीला येणाऱ्यांसाठीच. दोन टेकड्या, ग्रेट ऑर्म आणि लिटल ऑर्म, त्यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखा किनारा आणि त्याच्या कडेने सपाट, रुंद फरसबंद रस्ता. चढ नाही, पायरी नाही, ठिकठिकाणी बाकं. सासऱ्यांनी पहाटे उठून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यावं. सासूबाईंनी चार बाकं चालावं, पाचव्यावर बसावं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची कुत्री बघावीत. वयस्क माणसांना सुट्टीला नेताना अशी जागा लागते, जिथे त्या कोणाचा हात न धरता, कोणाला न विचारता घराबाहेर पडू शकतील. बघायची ठिकाणं त्यानंतर.

एक गोष्ट आधीच सांगते, नाहीतर मुलगा हिरमुसेल. तो मुख्य किनारा गोट्यांचा आहे, वाळूचा नाही. ओहोटीला खाली थोडी वाळू उघडी पडते, तेवढीच. किल्ले करायला गावाच्या दुसऱ्या बाजूच्या वेस्ट शोअरला जा. तिथे वाळू भरपूर आणि गर्दी कमी. मात्र तिथे पाणी ओहोटीला खूप लांब जातं आणि भरतीला वाळूच्या दांड्यांना वळसे घालून मागून येतं.

इथे सासऱ्यांचा अनुभव कामाला लावा. रत्नागिरीच्या माणसाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही, पण इथलं प्रमाण वेगळं आहे हे मात्र सांगावं लागतं. उत्तर वेल्सला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सात मीटरच्या आसपास फरक पडतो. दक्षिणेला, बॅरीच्या बाजूला ब्रिस्टल खाडीत, हा फरक १४ मीटरपर्यंत जातो आणि जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांत त्याची गणना होते. म्हणजे दुपारी जिथे बादली-फावडं ठेवलं, तिथे संध्याकाळी दुमजली घर बुडेल. रोज सकाळी भरतीची वेळ बघून घरात सांगायचं काम सासऱ्यांकडे द्या. त्यांनाही बरं वाटेल आणि ते चुकणार नाहीत. पोहण्याबाबत नियम सोपा आहे. जीवरक्षकांनी लाल-पिवळे झेंडे लावलेले असतील, तर त्या दोन झेंड्यांच्या मधे. झेंडे नसतील तर मुलांनी घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे जायचं नाही. हवा भरलेले मगर-फ्लेमिंगो घरीच ठेवा. जमिनीकडून वारा सुटला की ते पोरासकट आत ओढले जातात. काही झालंच तर ९९९ फिरवून कोस्टगार्ड मागायचा.

पाणी ऑगस्टमध्येही सोळा-सतरा अंशांचं असतं. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं अर्ध खरं आहे. त्यांना 'समुद्र बघायला चला' असं सांगूच नका. समुद्राच्या बाबतीत रत्नागिरीकरांशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. त्यांना सांगा, ट्राममध्ये बसायला चला.

ग्रेट ऑर्मची ट्राम १९०२ साली सुरू झाली आणि ती अजून तारेच्या दोरावर चालते. निळे लाकडी डबे, लाकडी बाकं. खालचा टप्पा भर वस्तीतून, घरांच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून चढतो. रुळांच्या मधल्या फटीतून खाली जमिनीत सरकणारा दोर मुलाला दाखवा. एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, दोघांचं वजन एकमेकांना तोलतं आणि मधल्या स्टेशनातलं यंत्र दोर ओढतं. मध्यावर डबा बदलायचा असतो, तेवढीच काय ती चढउतार. माथा २०७ मीटरवर आहे. सासूबाई एकही पायरी न चढता डोंगरावर पोचतील, हे त्यांना ऐकवा आणि बघा चेहरा. वर वारा मात्र कान फाडतो. पदर पिनेने नीट लावून घ्या, वर वाऱ्याचं जाकीट, पायात मोजे-बूट. सासऱ्यांनी माकडटोपी आणली असेल तर लाजू नका, वर गेल्यावर तुम्हीच मागाल.

वर दोन गोष्टी आहेत. एक, बकऱ्या. लांब पांढऱ्या केसांच्या, वाकड्या शिंगांच्या या रानबकऱ्यांचे पूर्वज काश्मिरी जातीचे, राजघराण्याच्या विंडसरच्या कळपातून इथे आले. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते रिकामे बघून याच गावात उतरल्या होत्या आणि लोकांची कुंपणं खात फिरल्या होत्या. तुमच्या मुलीने ते व्हिडिओ नक्की पाहिले असतील. दुसरी, तांब्याची खाण. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी माणसांनी हाडांच्या आणि दगडाच्या हत्यारांनी हे बोगदे खोदले. आपल्याकडे घोडनदीकाठी इनामगावला शेतकरी वस्ती करून होते, साधारण त्याच सुमाराचं हे काम. बोगदे अरुंद आहेत, वाकून चालावं लागतं, पायऱ्याही आहेत. तिथे यजमान आणि मुलगी जातील. सासूबाई, तुम्ही आणि धाकटा वर चहा प्या.

हेच मला खरं सांगायचंय, की सहा जणांनी सगळं मिळून बघायचा हट्ट सोडा. आपल्याकडे सहल म्हणजे सगळे एका रांगेत, एका गाडीत, एका फोटोत. त्यात एकाचे गुडघे, एकाची भूक आणि एकीचा मोबाइल यांच्यामुळे सगळेच चिडतात. सकाळी एकत्र नाश्ता, संध्याकाळी एकत्र जेवण, मधे दोन तुकड्या. तुमची तुकडी रोज बदलत राहा, म्हणजे तुम्ही कायमच्या 'सासूबाईंबरोबर थांबणाऱ्या' होणार नाही. एक दुपार तुम्ही एकट्याने काढा. विचारू नका, सांगून टाका.

कॉन्वी शेजारीच आहे, गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. पहिल्या एडवर्ड राजाने वेल्स जिंकल्यावर १२८३ ते १२८७ अशा चार वर्षांत तिथला किल्ला आणि गावाचा कोट उभा केला. कोटाला २१ बुरूज आहेत आणि बराचसा भाग अजून वरून चालत फिरता येतो. हा किल्ला जिंकलेल्या लोकांना दबकावून ठेवायला बांधलेला आहे, त्यामुळे तिथल्या वेल्श माणसाच्या मनात त्याबद्दल नुसता अभिमान नसतो. सासऱ्यांनी विजयदुर्ग-सिंधुदुर्ग पाहिलेले असणार, त्यांना हा फरक चटकन कळेल. जिने गोल, अरुंद आणि झिजलेले आहेत. सासूबाईंना खाली धक्क्यावर बसवा. तिथेच ब्रिटनमधलं सर्वांत छोटं घर आहे, लाल रंगाचं, दर्शनी भिंत सहा फूट रुंद. सव्वासहा फुटी कोळी त्यात राहायचा म्हणे. बघायला पाच मिनिटं पुरतात.

मुलगा मात्र त्या धक्क्यावरून हलणार नाही. तिथे मुलं खेकडे पकडतात. जवळच्या दुकानांत दोरी, जाळीची पिशवी आणि बादली मिळते. पिशवीत आमिष घालून दोरी भिंतीवरून खाली सोडायची, थोडं थांबायचं आणि हळूहळू, अजिबात झटका न देता वर ओढायची. खेकडा आमिषाला धरून लटकत येतो आणि काठाशी आला की हमखास सोडून देतो. मग सगळी पोरं एका सुरात ओरडतात. बादलीत समुद्राचंच पाणी भरायचं, खेकडे थोडेच ठेवायचे आणि शेवटी परत पाण्यात सोडायचे. आमिष म्हणून सर्रास बेकन वापरतात. ते सासूबाईंच्या पिशवीत ठेवू नका, एवढं सांगून ठेवते. कोळणीच्या टोपलीत कुर्ल्या पाहिलेल्या माणसाला 'पकडायचे आणि सोडायचे' हा प्रकार खुळेपणाचा वाटेल, तर वाटू दे.

सासऱ्यांसाठी एक दिवस रेल्वेचा ठेवा. लँडिड्नोहूनच कॉन्वी नदीच्या खोऱ्यातून ब्लायनाय फेस्टिनिऑगला गाडी जाते, प्रवास सव्वा तासाचा. तिथे पाटीच्या दगडाचे काळेभोर डोंगर आहेत, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या तुकड्यांचे ढीग. पुढे पोर्थमॅडॉगच्या बंदरापर्यंत वाफेच्या इंजिनाची फेस्टिनिऑग रेल्वे. रुळांची रुंदी माथेरानच्या गाडीएवढीच, जेमतेम दोन फूट, पण वय कितीतरी जास्त. नेरळ-माथेरान १९०७ ची, ही १८३६ ची. सुरुवातीला इंजिन नव्हतंच. दगडाने भरलेले डबे उतारावरून आपोआप बंदरापर्यंत घरंगळत यायचे आणि घोडे त्याच गाडीला जोडलेल्या एका डब्यात उभे राहून ऐटीत खाली यायचे. रिकामे डबे वर ओढून न्यायचं काम मग त्यांचं. इंजिनं १८६३ मध्ये आली. या दिवशी कोणी गाडी चालवायची नाही, सासूबाईंना दिवसभर बसून सगळं दिसतं आणि मुलीलाही खिडकी मिळाली की मोबाइल थोडा वेळ खाली जातो. तिकिटं आधी काढा आणि परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वी बघून ठेवा, त्या खोऱ्यात गाड्या थोड्या आहेत. स्नोडनच्या शिखरावर जाणारी रेल्वे प्रसिद्ध आहे, पण महाग आहे आणि वर ढग असले तर शिखरावर तुम्हाला आतून ढग दिसतो. या खेपेला सोडा.

यजमानांना गाडी चालवायची हौस भागवायची असेल, तर मुलीला घेऊन अँगलसी बेटावर जाऊ दे. टेलफर्ड नावाच्या अभियंत्याचा १८२६ चा झुलता पूल, लांबलचक नावाच्या स्टेशनच्या पाटीखाली फोटो आणि साउथ स्टॅकच्या दीपगृहाच्या चारशे पायऱ्या. खाली उतरताना काही वाटत नाही.

आता जेवण, कारण सुट्टी तिथेच बिघडते. स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या. चातुर्मासात कांदा-लसणाशिवायचं जेवण त्या गावात रोज दोन वेळा मागत फिरणं शक्य नाही. मुगाची डाळ, तांदूळ, मेतकूट, लोणचं, थालीपिठाची भाजणी बर्मिंगहॅमहूनच न्या. लहान कुकर विसरू नका. बाहेर खाताना एक गोष्ट नक्की विचारा. चिप्स म्हणजे बटाटेच, म्हणून शाकाहारी, असं धरून चालू नका. काही दुकानं ती गाईच्या चरबीत तळतात आणि तेल वापरत असतील तरी मासा त्याच कढईत तळलेला असू शकतो. 'बीफ ड्रिपिंग आहे का' एवढं विचारलं की ती माणसं सरळ उत्तर देतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. तव्यावर भाजलेले बेदाण्याचे वेल्श केक चहाबरोबर फार छान लागतात, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. लोण्यात केलेले मिळतात, तेही विचारून घ्या. अंडं दोन्हीत असतं. ग्लॅमॉर्गन सॉसेज नावाने दचकवतं. खरं तर ते चीज, लीक आणि पावाच्या चुऱ्याचं शाकाहारी कटलेट आहे. सासऱ्यांना चालेल. लीक कांद्याच्याच कुळातली, त्यामुळे सासूबाईंना नाही. आइसक्रीमला कोणाचीच हरकत नसावी.

चिप्स उघड्यावर खाताना पाठ भिंतीला लावून बसा. तिथले समुद्रपक्षी कावळ्यांपेक्षा निर्ढावलेले आहेत. मागून येतात आणि हातातला घास नेतात.

संध्याकाळी पिअरवर जा. समुद्रात ७०० मीटर आत गेलेला हा लाकडी फळ्यांचा धक्का १८७७ चा आहे, वेल्समधला सर्वांत लांब. चालायला सपाट, आत जायला पैसे पडत नाहीत. तिथल्या खेळांच्या दुकानात दोन पेन्सांची नाणी टाकायची यंत्रं असतात. आत नाण्यांचा ढीग कड्यावर लोंबत असतो आणि आपलं एक नाणं पडलं की सगळा कोसळेल असं प्रत्येकाला वाटतं. मुलाला दोन पौंडांची सुट्टी नाणी द्या आणि ती संपली की संपली, हे आधी ठरवा. ही अट आजोबांनाही लागू करा. पोरं आवरतात, आजोबा आवरत नाहीत.

पाऊस एखादा दिवस खाणारच. त्या दिवशी अँगलसीचं सी झू किंवा कॉन्वीतलं प्लास मॉर हे पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं घर. नाहीतर खोलीत बसून पत्ते आणि भजी, कांद्याची नव्हे, बटाट्याची.

जागा आजच बघायला घ्या. ऑगस्टमध्ये बरीच कॉटेजेस आठवड्याच्याच बोलीवर देतात, शुक्रवार किंवा शनिवारपासून. पाच रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट शोधणं सोपं जाईल. किनाऱ्यालगतच्या त्या सुंदर जुन्या इमारतींपैकी अनेकींना लिफ्ट नाही आणि फोटोत जिने दाखवत नाहीत. तेव्हा फोन करून विचारा: झोपायची खोली तळमजल्यावर आहे का, दारापर्यंत किती पायऱ्या, न्हाणीघरात टबात चढून आंघोळ करायची की सरळ उभं राहता येतं. यातल्या एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं, तर पुढच्या जागेला फोन लावा.